देऊळ कोणाच्या हातांवर उभे राहते?



पेण, हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांत एक गणेशोत्सव सरला की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षीच्या मूर्तींना हात लागतो. माती, साचा, रंग आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी, हा क्रम इथल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. अशा गावातील प्रवासी इंडोनेशियातील जावा बेटावर जातो, प्रंबाननच्या शिवमंदिराच्या पश्चिमेकडील गाभाऱ्यात शिरतो, आणि समोर दगडी गणपती बसलेला पाहतो. बैठक वेगळी, दोन्ही तळपाय एकमेकांना टेकवलेले; परंतु ओळख पटण्यास क्षणही लागत नाही. परदेशी आपला देव भेटल्याचा आनंद स्वाभाविकच आहे. मात्र छायाचित्र काढून तेथेच थांबणारा प्रवासी त्या देवळाची निम्मीच कथा घेऊन परततो.

प्रंबाननचे मंदिर इसवी सनाच्या नवव्या शतकातले; त्याच्या उभारणीशी जोडला जाणारा शिलालेख इ.स. ८५६ चा आहे. मधले शिवमंदिर ४७ मीटर उंच. मध्यभागी शिव, उत्तरेला महिषासुरमर्दिनी दुर्गा, दक्षिणेला अगस्त्य ऋषी. कठड्यांच्या आतील बाजूस रामायण कोरलेले असून ते शिवमंदिरात सुरू होऊन ब्रह्ममंदिरात पूर्ण होते. एवढे वैभव; पण दहाव्या शतकात राजसत्ता पूर्व जावात गेली आणि देऊळ ओस पडले. पुढे भूकंपांनी शिखरे कोसळली, आसपासच्या लोकांनी दगड बांधकामांसाठी नेले. विसाव्या शतकात एकेक दगड जुळवून शिवमंदिर पुन्हा उभे राहिले, ते १९५३ मध्ये. जावात आज बहुसंख्य समाज मुस्लिम आहे. तरीही १९६१ पासून तेथील कलावंत याच मंदिराच्या पार्श्वभूमीवर रामायण नृत्यनाट्य सादर करीत आले आहेत, ही गोष्ट आदराने नोंदवली पाहिजे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे पुन्हा अभिषेकाचा विधी झाला. मधली कित्येक शतके मात्र कोरी गेली. ज्या देवळाचा भार राजाच्या खांद्यावर होता, ते राजाबरोबर गेले.

जवळच योग्यकार्ता नगरी आहे. या नावाचे मूळ अयोध्येत असल्याचे मानले जाते. १७५५ मध्ये स्थापन झालेल्या सुलतानांच्या घराण्याचा राजवाडा तेथे नांदता आहे. तेथील वाद्यवृंद, नृत्य आणि छायाबाहुल्यांच्या खेळांतून महाभारतातील पात्रे आजही वावरतात.

जावाच्या पूर्वेस बाली बेट. तेथील कहाणी प्रंबाननच्या उलट आहे. २८ एप्रिल १९०८ रोजी डच सैन्याने क्लुंगकुंगच्या राजवाड्यावर चाल केली. शरणागती न पत्करता राजा आपल्या परिवारासह बाहेर पडला आणि बंदुकांना सामोरा गेला. राजवाडा उद्ध्वस्त झाला. एक दरवाजा आणि चित्रांकित छताचा न्यायमंडप एवढेच मुख्य अवशेष उरले. राजसत्ता संपली, पण बालीची देवळे ओस पडली नाहीत. असे का घडले?

कारण तेथे देवळाचा भार वस्तीवर आहे. ‘बंजार’ म्हणजे वाडीची संघटना. देवळाची झाडलोट, डागडुजी, उत्सवाची तयारी ही प्रत्येक घराची पाळीने येणारी जबाबदारी असते. देवळाचा वर्धापनदिन पंचांगाप्रमाणे बहुधा दर २१० दिवसांनी येतो. पहाटे घरातील स्त्री नारळाच्या कोवळ्या पातीची छोटी परडी विणते, त्यात फुले ठेवते आणि उंबऱ्यापाशी, दुकानापुढे, शेताच्या बांधावर ती अर्पण करते. समुद्रातील खडकावर तानाह लोत हे देऊळ आहे. कोकणी माणसाला परिचित अशा रीतीने तेथे ओहोटीलाच चालत जाता येते. लाटांनी खडक झिजू लागला तेव्हा कृत्रिम खडकाचा आधार देऊन तो सावरला गेला. देवळाचे मूळ रूप बदलले नाही.

हे पाहून परतणाऱ्या रोहेकराला आपले गाव नव्याने दिसावे. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी नगरप्रदक्षिणेस निघते, पोलीस दलाची सशस्त्र मानवंदना होते, दारोदारी रांगोळ्या सजतात. तो उत्सव कोणा एकाचा नसतो, म्हणूनच तो टिकतो. रोह्याच्या दक्षिणेला तळा तालुक्यात खाडीलगत कुडे येथील बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत सत्ताधारी घराण्यातील मंडळी आहेत, तसेच माळी, व्यापारी, वैद्य आणि स्त्रियाही आहेत. जवळचे मांदाड हेच प्राचीन ग्रीक लेखनातील ‘मंदगोरा’ बंदर असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ज्या सागरी व्यापाराने भारताला पूर्वेकडील द्वीपांशी जोडले, त्याच व्यापारयुगातील ही खाडी. आणि येथील कीर्तीतही सामान्य माणसाच्या कष्टाचा पैसा आहे.

परंतु आज कोकणात काय घडते आहे? मुंबई-पुण्यात स्थिरावलेली मंडळी श्रद्धेने वर्गणी पाठवतात. जीर्णोद्धार सुरू होतो आणि कोरीव लाकडी खांबांचा सभामंडप, कौलारू छप्पर, जांभ्याची जोती पाडून त्या जागी सिमेंटचा स्लॅब आणि चकचकीत फरशी येते. अंगणातले वीरगळ कुंपणाच्या कडेला टाकले जातात. हेतू शुद्ध असतो, पैसाही घामाचा असतो. मात्र आक्रमणाशिवाय, भूकंपाशिवाय, आपल्याच हातांनी एक वारसा नाहीसा होतो. प्रंबाननचे विखुरलेले दगड तरी पुन्हा जुळवता आले. चुलीत गेलेला खांब कोण जुळवणार?

यावर उपाय अवघड नाही. जुने देऊळ उतरवण्यापूर्वी त्याची मोजमापे व छायाचित्रे घ्यावीत, जाणकार स्थपतीला दाखवावे, वृद्धांच्या तोंडच्या आठवणी लिहून ठेवाव्यात. जे दुरुस्त होऊ शकते ते पाडू नये. आणि वर्गणीबरोबर वर्षातले चार दिवस देवळाच्या कामासाठी द्यावेत, मुलाबाळांसह.

पूर्वेकडील द्वीपांची यात्रा अवश्य करावी. पण परत आल्यावर, ग्रामदेवतेच्या देवळात आपल्या घराची पाळी कोणती, हा प्रश्न घरातील मुलाने विचारला, तर त्या घरापाशी उत्तर असले पाहिजे.