पाण्याकाठची शिस्त



आज आपण उजनीच्या पाण्याविषयी चार गोष्टी बोलू.

भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्या पाण्याखाली कित्येक गावे गेली. तिथले लोक वर काठाला आले. आता ह्याच पाण्यावर कोणी मासे धरतो, कोणी गाळपेर करतो, कोणी होडी चालवतो. सोलापूर शहर हेच पाणी पिते. म्हणजे ह्या पाण्याचे धनी पुष्कळ आहेत.

पाणी ओसरले, की काठाचा गाळ उघडा पडतो. तेथल्या उथळ पाण्यात रोहित पक्षी येतात. चोच उलटी धरून ते चिखलपाण्यातले बारीक जीव गाळून खातात. माशांची पिलेही अशाच उथळ पाण्यात, गवताच्या आडोशाने वाढतात.

तेथे इंजिनाची होडी भरधाव आली तर काय होते? पंखा गाळ ढवळतो. लाट काठावर आपटते. मऊ माती ढासळून आत पडते. पक्षी चरणे सोडून उडतात. वाटेत कोणाचे जाळे असले तर तेही फाटते.

जिवाचेही भय आहे. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये वादळी वाऱ्यात होडी उलटली. सहा जण बुडाले.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मग होड्या बंदच करा की!" तसे आम्ही म्हणत नाही. होडी नसली तर पैलतीराला जायला मोठा वळसा पडतो. पक्षी पाहायला पाहुणे येतात, त्यावर होडीवाल्याची चूल पेटते. पण पक्षीच गेले, तर पाहुणे कशाला येतील?

म्हणून ग्रामसभेत बसून ठरवा. मधल्या खोल पाण्यात होडी खुशाल चालवा. काठ हाकेच्या अंतरावर आला, की वेग उतरवा. पक्ष्यांच्या थव्यात होडी घालू नका. लाईफ जॅकेट घातल्याशिवाय कोणाला बसवू नका. आभाळ फिरले, की होडी काठाला लावा. गाळपेर करणाऱ्यांनी पाण्याच्या कडेला गवताचा पट्टा राखावा. फवारणीचे डबे पाण्यात धुऊ नयेत.

पुण्याकडून नदीतून घाण येते, तिच्यासाठी सरकारकडे अर्जविनंत्या कराव्या लागतात. होडीचा वेग मात्र आपल्याच हातात आहे.

ठरलेले नियम मोठ्या अक्षरांत लिहून धक्क्यावर लावा. आता तुम्हांला वाचता येते. होडीत पाय ठेवण्याआधी ते वाचा, आणि होडीवाल्यालाही वाचून दाखवा.