ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

(डहाणूतील युवक-युवतींच्या बैठकीत केलेले भाषण)



तुमच्यातले बरेच जण डहाणू रोडवरून रोज लोकल पकडतात. २०१३ साली चर्चगेटची लोकल इथपर्यंत आली, तेव्हापासून तो फलाट म्हणजे निम्म्या तालुक्याची चावडी झाला आहे. गाडीला वेळ असला की स्टेशनच्या मोफत वाय-फायवर जो तो मान खाली घालून बसतो. मीही बसते. पहिला अर्धा तास फुकट असतो. त्या अर्ध्या तासात माणसं घरी करतात त्याहून वेगळं काहीतरी करतात.

मुलगे आधी जड व्हिडिओ उतरवून घेतात, ते ठीक आहे. पण बी.ए.ला असलेला एक मुलगा प्रकल्पासाठी सच्चर समितीचा अहवाल शोधत होता, तो स्टेशनवर उघडेना. म्हणाला, "आपा, नंबर माझा, नाव माझं. कोण काय समजेल?" अहो, केंद्र सरकारनेच नेमलेली समिती, २००६ साली सरकारलाच दिलेला अहवाल! तो वाचायलाही आपला पोरगा आजूबाजूला बघतो. मला हसू आलं नाही.

दुसरी एक मुलगी. तिच्या बहिणीचं सासरी जमत नाही. तिला खुल्याविषयी वाचायचं होतं: बाई स्वतः मागू शकते का, मेहेरचं काय होतं. घरच्या वाय-फायवर नको, भाई फोन तपासतो. म्हणून स्टेशनवर आली. पण तिच्या हातात भावाचाच जुना हँडसेट, सिमशिवाय. वाय-फायच्या पानाने मोबाइल नंबर मागितला. तिला एकच नंबर पाठ होता, भाईजानचा. तो टाकला असता तर ओटीपी कुणाच्या फोनवर गेला असता?

हा ओटीपी आला कुठून, तेही ऐका. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपास पोहोचला नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन नागरिकाच्या फ्लॅटवर. त्याचं वाय-फाय उघडं होतं. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या: सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवा, ओळखपत्राची प्रत घ्या नाहीतर मोबाइलवर कोड पाठवा. तेव्हा हा नियम सगळ्यांसाठी आहे. आपलं नाव बघून केलेला नाही.

मग वाय-फायवाल्याला दिसतं काय? कोणत्या नंबरवरून, किती वाजता, कोणत्या साइटवर गेलात, एवढं दिसू शकतं. पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होत असेल, आणि आज बहुतेक साइट्सचा तसाच असतो, तर आत कोणतं पान वाचलंत ते दिसत नाही. विकिपीडियावर गेलात हे कळेल, खुल्याचं पान उघडलंत हे नाही. फोनची हिस्टरी मात्र भाईजानला सगळं सांगते. म्हणजे त्या मुलीला धोका स्टेशनपेक्षा घरातच जास्त होता!

काही जण लगेच २०१२ चं पालघर काढतात. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर एका मुस्लिम तरुणीने फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीने लाइक केलं, दोघींना अटक झाली. काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. भीती खरी आहे, मी नाकारत नाही. पण त्यांना कुठल्या वाय-फायने पकडून दिलं नव्हतं. मजकूर त्यांच्या नावाने सगळ्यांसमोर होता. वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं. आणि त्यांच्यावर लावलेलं ६६ अ हे कलम श्रेया सिंघल या तरुणीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं.

तलासरीच्या मुलांची तऱ्हा निराळी. तिथे रेल्वे नाही, अहमदाबाद हायवे आहे. हॉटेलातलं नाहीतर मोबाइलच्या दुकानातलं वाय-फाय, पासवर्ड भिंतीवर लिहिलेला. इथे कुणी बिचकत नाही, बिनधास्त बँकेचं ॲप उघडतात. मला उलट इथेच काळजी वाटते. हॉटेलच्या नावासारखंच नाव देऊन शेजारच्या टेबलावरचा माणूसही हॉटस्पॉट चालू करू शकतो. जोडल्यावर आधार नंबर, पिन मागितला किंवा एखादं ॲप टाकायला सांगितलं, तर तिथून उठा. पैशांचे व्यवहार स्वतःच्या डेटावर करा. आपोआप जोडलं जाण्याची सोय बंद ठेवा.

त्या मुलीचं पुढे काय झालं विचाराल. मी माझ्या नंबरवर ओटीपी घेतला, तिने वाचलं, मग हिस्टरी पुसली. नंतर आम्ही सिम काढायला गेलो. अठरा पूर्ण, आधार हातात, तरी दुकानदार विचारतो, "घरातलं कोणी मोठं आलंय का?" मी म्हटलं, ग्राहक हीच आहे. सिम मिळालं.

येत्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे. ज्या मुलींना स्वतःच्या नावावर सिम हवं आहे त्यांनी आधार घेऊन दहाच्या सुमारास स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी यावं.