रिटा हेवर्थ : प्रतिमेची मालकी कोणाची?



चित्रपटतारकेचे खासगी जीवन हा गंभीर विचाराचा विषय नव्हे, असा समज पुरोगामी वर्तुळात वर्षानुवर्षे रूढ आहे. तो रंगीत साप्ताहिकांच्या गप्पांसाठी सोडून दिला जातो. वस्तुतः माणसाचे श्रम, शरीर आणि नावसुद्धा इतक्या उघडपणे कराराने विकत घेणारे हॉलिवुडच्या स्टुडिओंसारखे उद्योग फार थोडे असतील. रिटा हेवर्थचे आयुष्य या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे.

तिचे मूळ नाव मार्गारिता कार्मेन कान्सिनो. जन्म १७ ऑक्टोबर १९१८ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. वडील एदुआर्दो हे स्पेनमधून आलेले व्यावसायिक नर्तक. मंदीच्या काळात त्यांनी आपल्या अल्पवयीन मुलीलाच नृत्यातील जोडीदार केले. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे इतक्या लहान मुलीला मद्य विकले जाणाऱ्या क्लबांत काम करता येत नव्हते, म्हणून हे कार्यक्रम सीमेपलीकडे, मेक्सिकोतील तिहुआना येथे होत. तिची शाळा अर्ध्यावर सुटली. पुढे जिला 'प्रेमदेवता' म्हणून जगापुढे मांडण्यात आले, तिच्या जीवनाचा आरंभ बालमजुरीत आहे. प्रसिद्धीपत्रकांत हा शब्द अर्थातच येत नाही.

१९३७ साली ती कोलंबिया स्टुडिओच्या, म्हणजे हॅरी कोन या मालकाच्या करारात आली. त्याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने आपल्याहून कितीतरी मोठ्या एडवर्ड जडसनशी विवाह केला. नवरा आणि व्यवस्थापक अशा दोन्ही भूमिका त्याच्याकडे गेल्या. तोवर तिला परदेशी नर्तकीच्या दुय्यम भूमिकाच मिळत, कारण तिचा चेहरा स्पॅनिश दिसे. तेव्हा तो चेहरा बदलण्यात आला. कपाळावर खाली उतरलेल्या केसांची रेषा विजेच्या साहाय्याने, वेदना देणाऱ्या दीर्घ उपचारांनी मागे हटवली गेली. काळे केस तांबूस रंगवले गेले. कान्सिनो आडनाव जाऊन आईचे माहेरचे आडनाव किंचित बदलून लावण्यात आले. कच्च्या मालावर प्रक्रिया करून बाजारात नवा माल आणावा, तसाच हा प्रकार होता.

कराराचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. प्रचलित करार सात वर्षांचा असे. नटाने भूमिका नाकारली की त्याला बिनपगारी निलंबित करीत आणि निलंबनाचा काळ कराराच्या शेवटी जोडीत, त्यामुळे सात वर्षे कधी संपतच नसत. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड या अभिनेत्रीने वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध न्यायालयात जाऊन १९४४ साली ही पद्धत बेकायदा ठरवून घेतली. कामगार चळवळीच्या इतिहासात या निकालाला जागा मिळावयास हवी. दुसरी पद्धत नटांना भाड्याने देण्याची. १९४१ साली कोलंबियाने रिटाला वॉर्नरकडे व ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सकडे असेच दिले. भाडे स्टुडिओचे, तिला ठरलेला पगार.

'गिल्डा' हा चित्रपट १९४६ सालचा. त्यातील गाण्यांना आवाज ॲनिटा एलिसचा होता. नृत्य मात्र तिचे स्वतःचे, लहानपणीच्या त्या कष्टांतून आलेले. त्याच वर्षी १ जुलै रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर अणुबाँबची चाचणी घेतली. त्या बाँबवर 'गिल्डा' हे नाव आणि रिटाचे चित्र होते. चाचणीसाठी बेटावरच्या १६७ रहिवाशांना आधीच हलवण्यात आले होते. रिटा या प्रकाराने संतापली होती, असे तिचा दुसरा पती ऑर्सन वेल्स याने पुढे सांगितले. संतापून करणार काय? स्वतःच्या चित्रावर तिचा अधिकारच नव्हता. वेल्सने 'द लेडी फ्रॉम शांघाय'साठी तिचे केस कापून सोनेरी केले तेव्हा कोन खवळला. केस तिचे, पण त्यांची किंमत स्टुडिओच्या हिशेबवहीत मांडलेली होती.

तिसरा विवाह आगाखानांचे पुत्र अली खान यांच्याशी, २७ मे १९४९ रोजी दक्षिण फ्रान्समधील व्हालोरिस येथे झाला. (याच आगाखानांच्या पुण्यातील वाड्यात गांधीजींना १९४२ ते १९४४ या काळात स्थानबद्ध ठेवले होते.) राजेशाही थाटाच्या या लग्नाची नोंद कायद्यानुसार नगरपालिकेत, कम्युनिस्ट महापौरांपुढेच करावी लागली, ही गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. हा संसारही टिकला नाही; १९५३ साली घटस्फोट झाला. एकूण पाच विवाह मोडले. पुरुष गिल्डाशी लग्न करतात आणि सकाळी त्यांना मार्गारिता दिसते, अशा अर्थाचे उद्गार तिच्या नावावर सांगितले जातात.

पुढे तिला संवाद आठवेनासे झाले. जानेवारी १९७६ मध्ये लंडनच्या विमानतळावर विस्कटलेल्या, भांबावलेल्या अवस्थेतील तिची छायाचित्रे वृत्तपत्रांनी छापली आणि दारूचा निष्कर्ष काढून मोकळी झाली. ती मद्यपान करीत असे, हे खरे. परंतु १९८० साली निदान झाले ते अल्झायमर या मेंदूच्या व्याधीचे. ज्या वृत्तपत्रसृष्टीने तिच्या सौंदर्यावर अंक खपवले, तिनेच तिच्या आजारावरही खपवले. १९८१ साली न्यायालयाने तिला धाकट्या मुलीच्या, यास्मिनच्या स्वाधीन केले. १४ मे १९८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचे निधन झाले. त्याआधीच, १९८५ मध्ये, यास्मिनने आईच्या नावाने या आजाराच्या संशोधनासाठी निधी जमवावयास सुरुवात केली होती.