धरमशाळेचे बालगृह



हिवाळा लागला की आपल्या शहरांतून रस्त्याच्या कडेला लोकरी स्वेटर मांडून बसलेले तिबेटी स्त्रीपुरुष आपण सर्वांनी पाहिले आहेत. परंतु देशोधडीस लागलेल्या या समाजाची मुले कोणी व कशी जगविली, याची चौकशी आपण क्वचितच केली असेल.

१९५९ च्या मार्चमध्ये ल्हासा सोडून भारताच्या आश्रयास आलेले चौदावे दलाई लामा काही काळ मसुरीस राहून १९६० च्या एप्रिलअखेर, तेव्हा पंजाबात मोडणाऱ्या कांगडा जिल्ह्यातील धरमशाळेस मुक्कामास आले. त्यांच्यामागून आलेल्या हजारो निर्वासितांना हिमालयातील सडका बांधण्याच्या कामावर मजुरी मिळाली होती. मायबाप खडी फोडीत आणि पोरे तंबूच्या आसऱ्याने, धुळीत व थंडीवाऱ्यात दिवस काढीत. जम्मूकडील अशाच छावण्यांतून १७ मे १९६० रोजी ५१ मुले, आजारी व उपासमारीने खंगलेली, धरमशाळेस येऊन पोहोचली. दलाई लामांना स्वतःला त्या गावी येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, आणि त्यांचे वय पंचविशीच्या आत होते.

त्यांनी ती मुले आपल्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांच्या हवाली केली. या निवडीत मला फार मोठे मर्म दिसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. तक्त्सेर नावाच्या खेड्यात दलाई लामांचा जन्म झाला तेव्हा सुईणीचे काम याच बहिणीने केले होते, आणि नवजात बालकाचा एक डोळा नीट उघडत नाही असे दिसताच आपल्या अंगठ्याने पापणी वर सारून तो तिनेच उघडला होता. करुणेचे शास्त्र आजन्म अभ्यासणाऱ्या गुरूने करुणेचे हे निकडीचे कार्य एखाद्या ग्रंथपारंगत भिक्षूकडे न देता अशा हातांकडे सोपवावे, यातच त्या शास्त्राचे त्यांना झालेले यथार्थ आकलन प्रकट होते, असे मी मानतो.

मुलांचा ओघ मात्र थांबेना. एकेका खोलीत १२० पर्यंत मुले झाली. एकाच पलंगावर पाचसहा जणांना आडवे निजवावे लागे, कारण तेवढीच एखाददुसऱ्यास अधिक जागा होई. पंडित नेहरूंच्या पुढाकाराने भारत सरकारने तिबेटी मुलांसाठी स्वतंत्र शाळांची तजवीज केली, तेव्हा मोठी मुले तिकडे धाडता येऊ लागली. पण लहानांना शाळेआधी आई हवी होती.

१९६४ साली त्सेरिंग डोल्मा वारल्या आणि त्यांच्या धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, हा भार उचलला. त्यांच्याच कारकिर्दीत खोल्यांत कोंडलेल्या त्या गर्दीची लहान लहान घरे झाली, प्रत्येक घरात सर्वांना सांभाळणारी एक ‘आमा’ आली, आणि मूळच्या बालगृहाचे बालग्राम झाले. २००६ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. त्या अवधीत तेथेच वाढलेल्या कित्येकांनी शिक्षक म्हणून परत येऊन पुढच्या मुलांची जबाबदारी पत्करली.