अमेरिकेची विद्या आणि आमचा सातबारा

(पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



अलीकडे आमच्या खेड्यापाड्यांत एक नवी बातमी कानीं येते : "अमक्याचा पोरगा अमेरिकेस शिकावयास चालला." ऐकून आम्हांस आनंद होतो. ज्या घरांत दोन पिढ्यांमागें कोणास सही येत नव्हती, त्या घरचा मुलगा समुद्र ओलांडतो, याहून गोड बातमी कोणती? परंतु लागलीच आमच्या तोंडून दुसरा प्रश्न निघतो : "सातबाऱ्यावर बोजा किती चढला?" कांहीं मंडळींस ह्या प्रश्नाचा राग येतो. यावा. आज आम्ही त्याच प्रश्नावर बोलण्यास उभे आहों.

२०२३-२४ सालीं अमेरिकेंत परदेशचे ११ लाखांवर विद्यार्थी होते. त्यांत ३ लाख ३१ हजारांवर एकट्या आपल्या देशाचे. चीनलाही आपण मागें टाकलें. एवढीं मुलें जातात, पण तेथील कारभार कसा चालतो हें त्यांच्या आईबापांस कोणी समजावून सांगत नाहीं. सांगतो तो दलाल, आणि तो आपल्या सोयीचें तेवढेंच सांगतो.

आधीं मांडणी पाहा. एक विद्यापीठ आणि त्याच्या हाताखालीं शेंकडों कॉलेजें, असा आपला प्रकार तिकडे नाहीं. सर्वांची मिळून एक गुणवत्ता यादीही लागत नाहीं. प्रत्येक विद्यापीठ आपल्या घरचें मालक. कांहीं राज्यांनीं चालविलेलीं, कांहीं खाजगी. १६३६ सालचें हार्वर्ड हें खाजगींपैकींच. म्हणून अर्ज प्रत्येकाकडे निराळा, अर्जाची फी निराळी. गुण पाहतात, इंग्रजीची परीक्षा पाहतात, पण तेवढ्यावर भागत नाहीं. मुलास ओळखणाऱ्या शिक्षकांचीं पत्रें मागतात, आणि "मला हें कां शिकावयाचें आहे" याचा निबंध मुलाकडून मागतात. हा निबंध पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहवून घेणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. बैलाच्या बाजारांत दुसऱ्याचा बैल दाखवून आपला विकण्यासारखें तें आहे.

बी.ए., बी.एस्सी.ची पदवी चार वर्षांची. धान्य मापावें तसें तेथें शिक्षण मापतात. मापाचें नांव क्रेडिट. एका विषयाचीं बहुधा तीन मापें, आणि सुमारें १२० मापें भरलीं कीं पदवी. दोन वर्षांचीं स्वस्त कम्युनिटी कॉलेजेंही आहेत. तेथें भरलेलीं मापें पुष्कळदां पुढें मोठ्या विद्यापीठांत जमा होतात.

आतां एका लोहाराच्या मुलाची गोष्ट सांगतों. व्हरमाँटचा जस्टिन मॉरिल. ह्यास स्वतःस कॉलेजांत जावयास मिळालें नाहीं. पुढें तो कायदेमंडळांत गेला आणि १८६२ सालीं त्याचा एक कायदा लिंकनच्या सहीनें पास झाला. कायदा असा कीं, प्रत्येक राज्यास त्याच्या दर प्रतिनिधीमागें ३०,००० एकर सरकारी जमीन द्यावी, आणि तिच्या पैशांतून शेती व यंत्रकला शिकविणारें कॉलेज चालवावें. (ती जमीन तेथील मूळ जमातींच्या हातून काढून घेतलेली होती, हेंही आपण विसरूं नये. जमीन जाण्याचें दुःख आम्हांस ठाऊक आहे.) कॉर्नेल, पर्ड्यू, आयोवा येथील विद्यापीठें ह्याच कायद्याचीं लेंकरें. गुलामगिरींत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९१ सालीं आयोवाच्या कॉलेजांत शिरला आणि १८९६ सालीं तेथून एम.एस.ची पदवी घेऊन बाहेर पडला. गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें होतें, हें आपणांस माहीत आहेच.

हें पुराण आम्हीं अशासाठीं लाविलें कीं, विद्यापीठास दोन दरवाजे असतात. एका दरवाजानें शिरणारा पैसे देतो. दुसऱ्यानें शिरणाऱ्यास विद्यापीठ पैसे देतें. आमचीं बहुतेक मुलें पहिल्या दरवाजांत रांग लावून उभीं आहेत, आणि दुसरा दरवाजा आहे हेंच त्यांस ठाऊक नाहीं.

पहिला दरवाजा एक-दोन वर्षांच्या एम.एस.चा. राज्याच्या विद्यापीठांत त्या राज्याच्या रहिवाशास फी कमी, बाहेरच्यास जास्त. तेथील सरकारची विद्यार्थीमदत परदेशी मुलास मिळत नाहीं. हिशोब मांडा. फी व राहणें मिळून वर्षास ४० हजार डॉलर धरा, डॉलरचे ८५ रुपये धरा. ३४ लाख झाले. "पोरगा तेथें काम करील" असें म्हणाल, तर कायद्यानें सत्र चालू असतां आठवड्यास २० तास, आणि पहिलें वर्ष तेंही विद्यापीठाच्या आवारांतच. तासास १२ डॉलर मिळाले तर आठवड्यास २४०. तीस आठवड्यांचे ७,२००. त्यांत पोट भरेल. फी भरणार नाहीं.

दुसरा दरवाजा पीएच.डी.चा, आणि शेतकी विद्यापीठांत संशोधनाच्या एम.एस.चाही. माती, कीड, बियाणें, यंत्रें यांवर काम करणाऱ्या प्राध्यापकास हातांची गरज असते. तो मुलास असिस्टंट नेमतो. फी माफ होते आणि वर महिन्याचा तनखा मिळतो. शेतकीची पदवी घेतलेल्या आमच्या मुलांनीं अशा प्राध्यापकांचें काम वाचून त्यांस स्वतः पत्र लिहावें. दहांपैकीं नऊ उत्तर देणार नाहींत. दहाव्यासाठीं लिहावें. मदतीचा आंकडा मात्र लेखी घ्यावा. २०२५ सालीं तेथील सरकारनें संशोधनाचा पैसा आंखडल्यावर कित्येक विद्यापीठांनीं ह्या जागा कमी केल्या, तेव्हां हा दरवाजा पूर्वींपेक्षां अरुंद झाला आहे. तरी तो बंद नाहीं.

इकडचाही आधार आहे. भारत सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तींत बहुतेक जागा अनुसूचित जातींस आहेत; पण भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर यांच्या मुलांसही चार राखून ठेवल्या आहेत. चारच! पण त्या चार आहेत हें किती सुतार-कुंभारांस ठाऊक आहे? १९१३ सालीं भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठांत गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर.

आतां दलाल. अमेरिकेचा कायदा असा आहे कीं, सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजानें तेथील विद्यार्थी भरती करणाऱ्यास डोक्यागणिक दलाली देऊं नये, कारण दलालीनें मुलें फसतात. पण परदेशांत केलेल्या परदेशी मुलांच्या भरतीस ही बंदी लागू नाहीं! म्हणजे त्यांच्या पोरास जपणारा कायदा आमच्या पोरास जपत नाहीं. "सल्ला फुकट" अशी पाटी दिसली कीं पैसे कॉलेजाकडून येत असतील असें समजा, आणि कोणत्या कॉलेजाकडून हें तोंडावर विचारा.

फसवणुकीची हद्द ऐका. मिशिगनमध्यें फार्मिंग्टन नांवाचें विद्यापीठ होतें. तेथें शिक्षक नव्हते, वर्ग नव्हते. तें खुद्द तेथील सरकारनेंच सापळा म्हणून उभें केलें होतें. तरी मान्यतेच्या यादींत त्याचें नांव होतें. २०१९ च्या जानेवारींत सापळा मिटला व शेंकडों मुलें अडकली. पहिल्याच झपाट्यांत धरलेल्यांत १२९ आपल्या देशाचीं. कांहीं जाणूनबुजून गेलीं असतील, पण सगळींच तशीं होतीं असें आम्ही म्हणणार नाहीं. म्हणून नुसती यादी पाहूं नका. तेथें आज शिकत असलेल्या दोन मुलांशीं बोला.

शेवटचें, व्हिसाचें. विद्यापीठ आय-ट्वेंटी नांवाचा कागद देतें. त्यासाठीं निदान पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावा लागतो. मग वकिलातीच्या खिडकीपाशीं उभें राहावयाचें. कायदा असें धरून चालतो कीं, हा मनुष्य कायमचा राहावयास चालला आहे. तसें नाहीं हें मुलानें पटवावयाचें. इकडे घरीं आम्हीं हिशोब केलेला असतो कीं, पोरगा तेथें राहिला तरच कर्ज फिटेल! पदवीनंतर एक वर्ष काम करण्याची मुभा आहे. विज्ञान व यंत्रविद्येच्या पदवीस आणखी दोन वर्षें. त्यापुढच्या परवान्यास दरसाल ८५ हजारांची मर्यादा, आणि मागणारे फार. सप्टेंबर २०२५ मध्यें तर नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची पट्टी बसविण्याचा हुकूम निघाला. म्हणून, मुलगा पदवी घेऊन दुसऱ्याच दिवशीं परत आला तर हप्ता कोठून भरावयाचा, हें कर्जाच्या कागदावर अंगठा उठविण्यापूर्वीं ठरवा.

आमच्या ओळखीच्या एका सुतारानें तें ठरविलें नव्हतें. मुलगा हुशार, पदवीही मिळाली. नोकरी मात्र मिळाली नाहीं आणि तो परत आला. आज बापलेक दोघे मिळून त्याच पडवींत दरवाजे बनवितात व बँकेचें व्याज भरतात. मुलगा आज ह्या सभेस आला आहे, आणि त्यानें आपलें नांव न सांगतां हें सांगण्याची परवानगी आम्हांस दिली.

ज्यांनीं मुलांचे कागद बरोबर आणले असतील त्यांनीं ते सभा संपल्यावर पुढें आणावे. दिवे लागेपर्यंत आम्ही येथेंच बसलों आहों.