कोपनहेगनचे स्वयंपाकघर



पंचवीस वर्षांपूर्वी चांगल्या जेवणासाठी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन गाठावी, असे कोणाच्या मनात आले नसते. डुकराचे मांस आणि लोणी जगाला विकणारा हा देश. घरोघरी राय नावाच्या धान्याचा काळसर, जड पाव; त्यावर लोणी, आणि वर खारवलेला हेरिंग मासा, अंडे किंवा मांसाचे काप. याला स्मोरब्रोड म्हणतात. दुपार त्यावर भागायची. खास प्रसंगी उंची हॉटेलात जावे, तर तिथले जेवण फ्रेंच वळणाचे. आपल्या रानात, आपल्या किनाऱ्यावर मिळते ते पाहुण्यापुढे काय ठेवायचे, हा संकोच आचाऱ्यांच्या मनात पक्का बसला होता.

तो संकोच मोडायला सुरुवात झाली २००३ साली. क्लाउस मायर आणि रने रेड्झेपी यांनी बंदराकाठच्या एका जुन्या वखारीत ‘नोमा’ हे रेस्टॉरंट उघडले. पुढच्याच वर्षी उत्तर युरोपातल्या बारा आचाऱ्यांनी कोपनहेगनमध्ये एक दहा कलमी जाहीरनामा काढला. आपल्या हवामानात, आपल्या पाण्यात जे उत्तम होते ते शिजवायचे, ऋतू पाळायचे, जनावरांचे हाल होऊ द्यायचे नाहीत, असा त्याचा आशय. हा नेम पाळणे सोपे नव्हते. त्या थंडीत लिंबू पिकत नाही. मग आंबटपणा आणायचा कुठून? नोमाच्या आचाऱ्यांनी समुद्रकाठच्या झुडपांची नारिंगी फळे वापरली, रानातला आंबट पाला वापरला, आणि रानमुंग्यासुद्धा वापरल्या. मुंग्यांच्या अंगात आम्ल असते, त्याची चव लिंबाच्या जवळ जाते. मिसो हा जपानी आंबवलेला लगदा सोयाबीनचा. यांनी तो पिवळ्या वाटाण्यांचा मुरवला. २०१० साली जगातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत नोमा पहिले आले, आणि नंतरही अनेकदा आले.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘आपल्या मातीतले अन्न’ म्हणणाऱ्या या चळवळीचा सर्वांत गाजलेला आचारी स्थलांतरिताचा मुलगा आहे. रेड्झेपी यांचे वडील मॅसिडोनियातून आलेले अल्बेनियन मुसलमान, आई डॅनिश. माती कोणाची, हा प्रश्न त्यामुळे आपोआप मोठा होतो. शहराच्या नोरेब्रो भागात स्थलांतरितांची शावर्माची दुकाने आहेत. त्या भागाचे रोजचे खाणे शावर्माही आहे, आणि कोपनहेगनच्या बदलाचे श्रेय देताना त्या दुकानांना वगळणे अन्यायाचे होईल.

नोमाची बाजू सगळीच उजळ नाही. कित्येक वर्षे तिथे शिकाऊ उमेदवार बिनपगारी राबत. २०२२ मध्ये त्यांना पगार सुरू झाला, आणि २०२३ च्या जानेवारीत रेड्झेपी यांनी जाहीर केले की अशा प्रकारचे रेस्टॉरंट या पद्धतीने टिकणारे नाही. मूठभर लोकांना परवडणाऱ्या ताटामागे इतक्या जणांची मेहनत लागत असेल, तर ती कबुली योग्यच म्हटली पाहिजे.

पण माझ्या मते या शहराचे सर्वांत मोठे काम दुसरीकडे झाले. पाळणाघरे, शाळा, वृद्धाश्रम अशा ठिकाणी नगरपालिकेची शेकडो स्वयंपाकघरे चालतात. तिथले नव्वद टक्के अन्न सेंद्रिय शेतीतले असावे, असे उद्दिष्ट नगरपालिकेने २०१५ सालासाठी ठेवले आणि ते जवळजवळ गाठले. सेंद्रिय माल महाग असतो. तरीही अन्नखर्चाची रक्कम न वाढवता हे साधले. कसे? २००७ मध्ये ‘कोबनहाउन्स मॅदहूस’ ही संस्था उभी राहिली. तिच्या माणसांनी स्वयंपाकघरांत जाऊन तिथल्या बायाबाप्यांना शिकवले. तयार पाकिटे बंद केली. पाव तिथेच भाजायचा, भाजी निवडण्यापासून सगळे हाताने करायचे. मांस कमी केले, कडधान्ये आणि हंगामी कंदमुळे वाढवली. उरलेले टाकायचे नाही, दुसऱ्या दिवशीच्या जेवणात घ्यायचे. यातून वाचलेले पैसे सेंद्रिय मालाकडे वळले. काही शाळांत तर मुलेच पाळीपाळीने स्वयंपाकाला हात लावतात आणि सोबत्यांना वाढतात. दिवसभर पातेली घासणाऱ्या, सोलणाऱ्या, ढवळणाऱ्या हातांना इथे कारागिराचा मान मिळाला. माझ्या दृष्टीने नोमाच्या पहिल्या क्रमांकापेक्षा हे यश मोठे आहे, कारण ते रोज दुपारी तीन वर्षांच्या पोराच्या आणि ऐंशी वर्षांच्या आजींच्या ताटात पडते.

उरलेले अन्न वाया जाऊ न देण्याची ओढ शहरात इतरत्रही दिसते. दुकाने-हॉटेले बंद होताना उरलेला माल स्वस्तात विकणारे ‘टू गुड टू गो’ हे ॲप २०१५ साली इथेच सुरू झाले. आणि एकत्र जेवण्यासाठी त्याच वर्षी व्हेस्टरब्रो भागातल्या एका जुन्या चर्चमध्ये ‘आब्सालोन’ हे लोककेंद्र उघडले. तिथे संध्याकाळी सहा वाजता लांबच लांब टेबलांवर अनोळखी माणसे शेजारी शेजारी बसतात, भांडी एकमेकांकडे सरकवतात आणि एकच बेत सगळे मिळून जेवतात.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्यापैकी कोणाची मुले-नातवंडे शिकायला किंवा नोकरीला तिकडे असतील आणि तुम्ही त्यांच्याकडे जाणार असाल, तर एक संध्याकाळ आब्सालोनसाठी राखून ठेवा. तिकीट मात्र आधी काढा.