जुनी जीप आणि घरातले मूल



खेड्यापाड्यांतून फिरताना एखाद्या गोठ्यामागे, चिंचेखाली, चाके मातीत रुतलेली जुनी जीप अजूनही दृष्टीस पडते. घरधनी म्हणतो, "भंगारवाला आला की देऊन टाकू." मला आज एवढेच सुचवायचे आहे, की भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी घरातल्या मुलाला किंवा मुलीला हाक मारा.

आधी या गाडीचे कूळ पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीने मुंबईत सुटे भाग जोडून जीप तयार करण्यास आरंभ केला. रणभूमीवर, उघड्यावर, साध्या पान्यांनी दुरुस्त व्हावी अशीच तिची घडण. म्हणून तर ती मुलालाही उलगडते. बॉनेट उघडा, कार्ब्युरेटर, पंखा, पट्टा, सारे डोळ्यांपुढे!

काम आरंभताना एक वही, खडू आणि रिकामे डबे घ्या. कोणता बोल्ट कुठून निघाला, ते मुलानेच वहीत लिहावे, चित्र काढावे. गंजलेल्या नटाशी झोंबाझोंबी नको. डिझेलचे चार थेंब सोडा, रात्रभर राहू द्या. अवघड कामाला गावच्या मिस्त्रींना बोलवा आणि बापलेकांनी दोघांनीही शेजारी बसून शिका.

शिक्षकबंधूंनो, यात गणितही आहे, बरं का! वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात चाके थोडी घसरतात, म्हणून चारी चाकांना जोर दिला तरी चालते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ती घसरत नाहीत आणि ताण दातेरी चाकांवर येतो. अंगणात फक्की टाकून वळणाचे चारी माग मोजून पाहा. मग फोर-व्हीलचा दांडा केव्हा ओढायचा, हे सांगावे लागत नाही.

आता सुधारणांचा प्रश्न. वहीत तीन रकाने आखा: मूळचे ठेवायचे, बदलायचे, विचारून ठरवायचे. माझी नववीतली मुलगी म्हणाली, "बाबा, मोठे टायर घालू या ना!" मी नाही म्हटले नाही. विचारले, "चाक मोठे झाले, तर ब्रेकचे काय होईल?" दोन दिवस तिने मिस्त्रीकाकांना प्रश्न विचारले. चाक मोठे आणि ब्रेकचा ड्रम तेवढाच, म्हणजे थांबवायला जोर अधिक हवा. तिने आपण होऊन टायरवर काट मारली आणि खाली लिहिले, 'आधी ब्रेक'.

आणि ते योग्यच होते. जुन्या जीपमध्ये चारी ब्रेकचे तेल एकाच सिलिंडरच्या एकाच कप्प्यातून जाते. एक नळी फुटली की पायाचा ब्रेक गेलाच. म्हणून दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणि सीटचे पट्टे, या सुधारणा आधी विचारात घ्याव्यात. इंजिन किंवा सांगाडा मात्र मनाला येईल तसा बदलता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्याआड येते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने ठरवलेल्या मूळ घडणीविरुद्ध फेरबदल चालणार नाहीत, असे सांगितले. म्हणून तिसऱ्या रकान्यातले प्रश्न घेऊन परिवहन कार्यालयात जावे आणि जाताना मुलालाही न्यावे.

तीन गोष्टी मात्र वडिलांनी कडकपणे पाळाव्यात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचे नाही. खाली भक्कम घोडे हवेत. पेट्रोलच्या टाकीला घरी डाग द्यायचा नाही. ब्रेकची धूळ फुंकायची नाही. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते, ती ओल्या फडक्याने टिपावी.

आणखी एक मोह आवरावा. मूल झोपल्यावर त्याचे अर्धे राहिलेले काम आपण उरकून टाकावे, असे वाटते. तसे करू नका. सकाळी उठून ते पाहते, तेव्हा त्याला कळते की आपल्यावाचून काही अडत नव्हते. मग ते पुन्हा पान्याला हात लावत नाही. महिना अधिक लागला, तर लागू द्या. जीप इतकी वर्षे थांबली आहे, आणखी थोडी थांबेल. नववीतले मूल मात्र पुढच्या वर्षी दहावीत जाते.